रोडग्यांसाठी नवस

नवस फेडण्यासाठी रोडगे करतात. मी रोडगे करता यावेत म्हणून नवस केले. काही वर्षे हा क्रम चालला. तो कसा सुरू झाला आणि कसा थांबला, एवढेच येथे लिहायचे आहे.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगतो. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक घट्ट मळतात. तिच्या लहान पोळ्या एकीवर एक ठेवून त्यांचा गोळा वळतात व तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून भाजतात. बाहेरून राख, आत वाफ. फोडला की वर तूप ओततात. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचे वरण. हे घरी करीत नाहीत. ज्या देवाला बोललेले असते त्याच्यासमोर, उघड्यावर करतात आणि तेथेच जेवतात. माझ्या सासुरवाडीच्या रीतीप्रमाणे उरलेला तुकडाही घरी आणायचा नसतो.

सासुरवाडी पिंपळगाव राजाची, शेतकऱ्याचे घर. मी खामगावात एका शाळेत विज्ञान शिकवीत होतो. कार्यालयांच्या पाट्यांवरचे जुन्या राज्याचे नाव पुसून तेथे ‘महाराष्ट्र’ लिहिण्याचे काम नुकतेच संपले होते. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात पत्नीला मुदतीचा ताप आला. ताप पुष्कळ दिवस उतरला नाही. सासूबाईंनी त्यांच्या शेताजवळच्या, नाल्याकाठच्या मारुतीला रोडगे बोलले. पत्नी उठली, पण केस सगळे गळाले. थंडीत डोक्यावर पुन्हा मऊ केस दिसू लागले तेव्हा सासूबाईंनी नवस फेडायचा दिवस धरला.

त्या दुपारी विशेष काही घडले नाही. नाल्यात थोडे पाणी होते. कडुनिंबाखाली गोवऱ्या रचल्या होत्या. सासरे बैलांना कडबा टाकून येऊन बसले. सासूबाई वांगी चिरीत होत्या. मी सकाळपासून उपाशी होतो, कारण नवस फेडण्यापूर्वी खायचे नसते असा माझा समज होता. तो चुकीचा होता, हे नंतर कळले. पत्नीने राखेतून एक रोडगा काठीने बाहेर ओढला, पदराने झटकला, फोडला आणि माझ्या हातावर ठेवला. हात भाजला. माझ्या तोंडून निघाले, “लय गरम हाये बे.”

‘बे’ हे आमच्याकडे मित्राला म्हणतात, गड्याला म्हणतात, कधी बैलालाही म्हणतात. नव्या बायकोला, सासू-सासऱ्यांसमोर, शाळेतल्या मास्तराने म्हणावे असे ते नाही. क्षणभर सगळे थांबले. मग सासरे एवढे हसले की त्यांच्या डोक्यावरचे फडके खाली पडले. पत्नी तोंडावर पदर घेऊन वळली. तिचे खांदे हलत होते. मीही हसलो आणि जेवलो. किती खाल्ले ते ठाऊक नाही.

यात जपून ठेवण्यासारखे काय, असे कोणी विचारील. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माझे वडील देऊळगाव राजाला कचेरीत कारकून होते. घरात गावठी बोलण्याला बंदी होती. पुढे अमरावतीस शिकलो तेथे उच्चार आणखी घासून घेतले. नोकरी लागल्यावर वर्गात पुस्तकी बोले आणि बाजारात वऱ्हाडी बोले. दोन्ही बिनचूक बोलत असे. परंतु दोन्हीकडे मी स्वतःला ऐकत असे. वाक्य बाहेर पडण्यापूर्वी ते एकदा आत म्हणून पाहण्याची सवय होती. कोणाला नमस्कार केला तर हात योग्य उंचीवर जुळले की नाही याकडे लक्ष जाई. दुःखाच्या घरी गेलो तरी आपला चेहरा कसा दिसत असेल हे मनात येई. मी खोटे वागत नव्हतो. पण जे वागत होतो ते माझेच आहे याची खात्रीही नव्हती. दुसऱ्या कोणाचा तरी, मापाने बरोबर बसणारा कोट घालून हिंडावे, तसे होते.

त्या दुपारी मी स्वतःला ऐकले नाही. वाक्य आधी बाहेर पडले आणि मी नंतर तेथे पोचलो. पुढचा सगळा वेळ, भांडी घासून गाडीत भरेपर्यंत, मी नुसता होतो. हे सुख होते असेही मी म्हणणार नाही. ते खरे होते.

विज्ञानाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. परिस्थिती तीच ठेवली तर परिणाम तोच येतो. पुढच्या थंडीत मी सासूबाईंना म्हणालो, “यंदाही रोडगे करू.”

“काऊन?” त्या म्हणाल्या. “पोरगी तं बरी हाये.”

“सहज. मागच्या वर्षी चांगले झाले होते.”

“जावईबापू, रोडगे म्हनजे का शिरा हाये? वाटलं का केला, असं नाई चालत. आपन तिथं जाऊन चूल मांडू, अन् मारुती इचारीन, कशाचे फेडता बापा? मंग काय सांगता त्याले?”

युक्तिवादाला जागा नव्हती. नवस नसेल तर रोडगे नाहीत. मी विचार केला आणि म्हणालो, की शाळेची तपासणी व्हायची आहे, ती नीट पार पडली तर मी रोडगे बोलतो. तपासणी नीटच पार पडणार होती. तपासनीस येत, गुळाचा चहा घेत, फळ्याकडे पाहत आणि जात. तपासणी पार पडली. रोडगे झाले.

परिणाम आला नाही.

रोडगे उत्तम होते. मी त्याच झाडाखाली बसलो होतो. पण सबंध वेळ मी वाट पाहत होतो, आणि वाट पाहणाऱ्याला वाट पाहण्यापलीकडे काही मिळत नाही. मला मात्र तेव्हा वाटले की परिस्थितीत फरक पडला आहे. वांगी दुसऱ्या मळ्यातली होती. वारा उलट दिशेचा होता. आणि मी सकाळी खाऊन निघालो होतो, हे मला फार महत्त्वाचे वाटले.

त्यापुढच्या वर्षी मी उपाशी राहिलो. त्या वर्षीचा नवस असा, की खामगावाहून येणारी एसटी पावसाळ्यात बंद पडू नये. ती पडली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी नवस केला की घरमालकाने पावसाळ्यापूर्वी छपरावरचे कवेलू, म्हणजे कौले, फेरावेत. घरमालकाने त्यासाठी माणूस आधीच सांगून ठेवला होता, हे मला ठाऊक होते. मारुती माझ्या कोणत्याही शब्दाला चुकला नाही. चुकण्याची सोय मी त्याला ठेवलीच नव्हती.

दरवर्षी मी एकेक फरक काढून टाकीत गेलो. वांगी त्याच मळ्यातून, काटेरी, लहान. वरणासाठी शेजाऱ्यांकडचा तोच पितळी गंज, म्हणजे पातेले. पत्नीने तेच हिरवे लुगडे नेसावे. बसमधून उतरल्यावर सासऱ्यांची बैलगाडी उभी असली तरी पायी जावे, कारण पहिल्या वर्षी गाडी उशिरा आली होती. तोवर आम्हाला मुलगा झाला होता. पहिल्या वर्षी मूल नव्हते, म्हणून त्याला एक दिवस शेजारी ठेवावे असे मी सुचवले. ते मान्य झाले नाही.

“याले ठेवून देऊ,” पत्नी म्हणाली, “अन् माहे केस पन कापून टाकू का? तवा डोक्यावर नव्हते.”

ती गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, असेही नाही.

ही सवय रोडग्यांपुरती राहिली नाही, हेही नोंदवले पाहिजे. लहानपणी आजोळी दिवाळीनंतर ओसरीवर कापूस रचलेला असे. एकदा मी त्यात पडून झोपलो होतो, आणि जागा झालो तेव्हा मी कोण, कोठे आहे हे काही वेळ कळले नव्हते. ती आठवण फार स्वच्छ होती. खामगावात कापसाला तोटा नव्हता. एका रविवारी मी कापूस बाजारात गेलो आणि एका मोठ्या ढिगावर पाठ टेकून डोळे मिटले. थोड्या वेळाने वर सावली पडली. हमाल होता.

“मास्तर, तब्येत बरी नाई का?”

“बरी आहे.”

“मंग उठा. तोलाचं हाये.”

मी उठलो. पाठीला सरक्या आणि पाचोळा चिकटला होता. घरी पत्नीने तो काढला. कोठे गेलो होतो हे तिने विचारले नाही, त्यामुळे मला सांगावे लागले नाही.

रोडग्यांच्या शेवटच्या प्रयोगात परिस्थिती इतकी जुळली होती की वाराही पहिल्या वर्षीसारखा पूर्वेचा होता. पत्नीने काठीने रोडगा ओढला, झटकला, फोडला, माझ्या हातावर ठेवला. हात भाजला. मी म्हणालो, “लय गरम हाये बे.”

कोणी हसले नाही. सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. सासऱ्यांनी खाकरून तंबाखूची चंची काढली. पत्नी म्हणाली, “गरम हाये तं खाली ठेवा.”

मी खाली ठेवला.

परतताना रस्त्याने ती पुढे चालत होती. मुलगा तिच्या कडेवर झोपला होता. बरेच अंतर गेल्यावर ती न वळता म्हणाली, “एक इचारू? तुमी तिथं जेवाले येता का हजेरी घ्याले?”

“म्हणजे?”

“मी डाव्या बाजूनं बसली का नाई. लुगडं हिरवं का नाई. माय नीट हसली का नाई. आमी सगळे बाकावर उभे हाव तुमच्यापुढं.”

मी म्हणालो की तसे काही नाही. तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतले. आमच्या घरात एवढे भांडण पुष्कळ होते.

त्याच सुमारास सासऱ्यांचे डोळे गेले असे म्हणण्याची वेळ आली. डोळे म्हणायचे, पण प्रश्न एकाच डोळ्याचा होता. तरुणपणी तुरीची काडी लागून त्यांचा डावा डोळा निकामी झाला होता. उजव्यावर सगळे चालले होते, आणि त्यात मोतीबिंदू उतरत होता. त्यांनी ते पुष्कळ दिवस लपवले. बैलांना ते हाकेवरून ओळखत. पायवाट पायाला ठाऊक होती. एक दिवस ते बांधावर उभ्या असलेल्या माणसाशी बराच वेळ पिकापाण्याचे बोलले. ते बुजगावणे होते. हे त्यांनीच गावभर सांगितले आणि स्वतःच हसले. सासूबाई मात्र चुलीपुढे रडल्या.

अकोल्याच्या डॉक्टरांनी पाहून सांगितले की शस्त्रक्रिया करावी लागेल. साधली तर दिसेल. न साधली तर जे धूसर दिसते तेही जाईल. दुसरा डोळा नसल्यामुळे निर्णय घरच्यांनी करावा. सासऱ्यांनी तो तेथल्या तेथे केला. “करून टाका,” ते म्हणाले. “नुसतं धुकं पाहून काय करू मी?”

त्या संध्याकाळी पत्नी आमच्या खामगावच्या खोलीत दाराशी बसून होती. स्वयंपाक केला नव्हता. मला वाटले, वडिलांच्या काळजीने. ते खरे होते, पण तेवढेच नव्हते.

“रोडगे बोल,” मी म्हणालो. मला ते समंजसपणाचे वाटले होते.

“कोन्त्या तोंडानं बोलू?”

“का?”

“तुमी त्या मारुतीले काय काय मांगतलं, आठवते का? एसटी बंद पडू नये. बस तं येतच होती. कवेलू. तपासनी. वर्सावर्साले जाऊन बसले त्याच्यापुढं, अन् जे घरात होतं तेच मांगतलं. आता मले खरं मांगाचं हाये. तो म्हनीन, या घरचं ऐकू ऐकू मी थकलो बापा, या लोकायले काही नाई लागत.”

मी म्हणालो, “देव असा हिशेब ठेवत नाही.”

“तुमाले काय माहीत? तुमी कवा खरं मांगतलं?”

देवाविषयी माझी मते तेव्हाही मोजकी होती आणि आजही तशीच आहेत. परंतु तिच्या दृष्टीने वडिलांचा एकच डोळा होता आणि त्यासाठी जेथे जायचे ते एकच दार होते. त्या दाराशी मी काही वर्षे विनाकारण कडी वाजवीत उभा होतो. हे म्हणणे तर्काने खोडता येत नव्हते. मी पाहिले खोडून. मग म्हणालो, “यंदा मी काही बोलणार नाही. रोडगेही करणार नाही.”

“पुढच्या वर्साले?”

“नाही.”

तिने माझ्याकडे पाहिले. मग उठून कणीक भिजवली.

सासूबाईंनी यातून वाट काढली. त्यांचे माहेर वरवट बकालचे. तेथे गावाबाहेर एक महादेव होता, ज्याच्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. “त्याले तुमी अजून तरास नाई देल्ला,” त्या मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. सोय सांगावी तसे सांगितले. पत्नीने त्या महादेवाला रोडगे बोलले आणि नवस फिटेपर्यंत पायात चप्पल न घालण्याचे ठरवले. मी त्यात काही सुचवले नाही. सुचवण्यासारखे मनात आले होते, ते मनातच ठेवले.

शस्त्रक्रिया उन्हाळ्याच्या तोंडावर झाली. त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत आणि माणसाला उताणे पडून राहायला सांगत. मान हलवायची नाही. खोकायचे नाही. हसायचे तर मुळीच नाही. सकाळच्या शाळा सुरू झाल्या होत्या. काही दिवस मी रजा घेतली आणि दिवसा त्यांच्याजवळ बसलो. रात्री त्यांचा पुतण्या येई.

पहिले काही दिवस ते गप्प होते. मग कंटाळले.

“मास्तर.”

“जी.”

“काही बोला ना. शाळेतलं सोडून.”

शाळेतले सोडल्यावर माझ्याकडे फारसे नव्हते. मी हवेबद्दल बोललो. बाजारभावाबद्दल बोललो. ते ऐकत होते. मग त्यांनीच विचारले, “एक गोष्ट मले कवापासून समजून घ्याची हाये. तुमी ते रोडगे काऊन करत होते हो? तपासनीसाठी कोनी रोडगे करते का?”

त्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. मला वाटते, म्हणून मी सांगितले. पहिल्या वर्षी काय झाले, आणि नंतर ते परत आणण्यासाठी काय काय केले, हे सगळे क्रमाने सांगितले. गंज, लुगडे, वारा, उपास. हे मी यापूर्वी कोणालाही सांगितले नव्हते. पत्नीलाही नाही. सांगताना ते किती थोडे आहे हे लक्षात आले.

त्यांचा श्वास संथ चालला होता. मला वाटले, झोपले.

“म्हनजे,” ते म्हणाले, “तुमाले पुन्हा तसं वाटाले पाहिजे होतं.”

“हो.”

“पोरीले बे म्हनलं तसं.”

“हो.”

“मंग मास्तर, लुगडं काऊन पाहून राह्यले होते? एखाद्या वर्सी मले बे म्हनाचं होतं. मी देल्ली असती एक ठेवून. पाहा मंग कसं खरंखुरं वाटते तं.”

आणि ते हसू लागले. हसायचे नव्हते, म्हणून ओठ घट्ट मिटून, नाकाने, पोट हलवीत हसत होते. मी घाबरून वाळूच्या पिशव्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या. “मामाजी, टाका निघेल,” मी म्हणालो. “हसू नका.” त्यामुळे ते आणखीच हसले. परिचारिका आली. तिने मला बाहेर काढले आणि व्हरांड्यात उभे करून चारचौघांत खडसावले. रुग्णाला हसवणारे नातेवाईक तिच्या मते रुग्णाचे वैरी असतात. शिकलेल्या माणसाला एवढे कळू नये का, असे तिने विचारले. मी खाली मान घालून ऐकून घेतले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला भीती होती की डोळा माझ्यामुळे गेला.

पट्टी काढली तेव्हा पत्नी व सासूबाई आल्या होत्या. मी भिंतीशी उभा राहिलो. डॉक्टरांनी त्यांच्यापुढे हात धरला. सासऱ्यांनी डोळा बारीक केला. मग म्हणाले, “बोटात अंगठी हाये.”

पत्नी बाहेर गेली. मी तिच्यामागे गेलो नाही. ती व्हरांड्यात अनवाणी उभी होती, ते दारातून दिसत होते.

चष्मा काही आठवड्यांनी मिळाला. जाड भिंगांचा, मागे दोरी बांधलेला. तो आल्यावर सासूबाईंनी वेळ दवडला नाही. ऊन कडक होते. रोडग्यांचे ते दिवस नव्हेत. वांगी मोठी व बियांची निघाली. वारा गरम होता आणि राख भाजीत उडत होती. वरवटच्या त्या महादेवाजवळ सावलीला एक बोरीचे झाड तेवढे होते, आणि आम्ही तिच्या सावलीबरोबर सरकत होतो. माझ्या ओळखीचे तेथे काही नव्हते. कोणी कोठे बसावे, हे मला ठाऊक नव्हते. मला कोणी विचारलेही नाही.

मला पाणी आणायला पाठवले. विहीर लांब होती. पितळी गुंड, म्हणजे घागर, भरून खांद्यावर घेतली की काठ मानेला लागे आणि पाणी पाठीवर सांडे. मी काही खेपा केल्या. सदरा भिजला आणि तापला. शेवटच्या खेपेनंतर मी बोरीजवळ येऊन गुंड खाली ठेवली तेव्हा सासरे चष्मा लावून सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांनी सासूबाईंना सांगितले की त्यांचे लुगडे विटले आहे आणि नवे घ्यावे लागेल. सासूबाई लाजल्या आणि त्यांच्या अंगावर ओरडल्या. मग सासऱ्यांनी माझ्याकडे तोंड वळवले. भिंगांमागे त्यांचा डोळा फार मोठा दिसत होता. ते जरा पुढे वाकले.

“जावईबापू,” ते म्हणाले, “तुमचे केस कवा पांढरे झाले?”

“झाले,” मी म्हणालो.

“मले कोनी सांगतलं नाई. मी समजत होतो, तुमी लगनातल्यासारखेच हा.” ते अजून पाहत होते. “नाक पन मोठं हाये तुमचं. हे मी आधी नव्हतं पाह्यलं.”

“ते आधीपासून आहे.”

“हाव का? मंग असू द्या.”

पत्नी राखेतून रोडगे काढीत होती. ती हसली, पण काम थांबवले नाही. मी जेवायला बसलो. भूक लागली होती. रोडगे बाहेरून करपले होते आणि आत थोडे कच्चे होते. तूप उन्हाने पातळ झाले होते. त्या दिवशी मी स्वतःला ऐकले की नाही, हे मला आठवत नाही. आठवायला हवे होते, असेही वाटत नाही. सगळ्यांनी पोटभर खाल्ले. उरले ते तेथल्या गुराख्यांना दिले. पत्नीने हात धुतले आणि गाठोड्यातून चपला काढून पायात घातल्या. तिचे तळवे काळे व घट्ट झाले होते. पट्टे पहिल्यांदा टोचले, म्हणून ती काही पावले लंगडली.

परत निघताना सासऱ्यांनी गाडीचा कासरा हातात घेतला. सासूबाई म्हणाल्या, “अवो, आज राहू द्या. पुतन्या हाकते.”

“पुतन्याले दोन डोये हायेत. तो कवाही हाकीन. सर.”

ते जुवाजवळ बसले. आम्ही मागे. मुलगा माझ्या मांडीवर होता. गावाबाहेर पडल्यावर रस्ता सरळ होता. गाडी चांगली चालली होती. एकाएकी त्यांनी कासरा ओढला आणि डोके खाली घातले. बैल थांबले.

“काय झालं?” सासूबाईंनी विचारले.

“बाभूय अंगावर आली.”

मी पाहिले. बाभूळ पुष्कळ पुढे होती. मी त्यांना समजावून सांगितले, की डोळ्यातले नैसर्गिक भिंग काढल्यामुळे चष्म्याचे भिंग जाड द्यावे लागते. त्यातून वस्तू मोठी दिसते, आणि मोठी दिसते म्हणून जवळ वाटते. काही दिवसांत डोळ्याला सवय होईल. हे वर्गात सांगावे तसे सांगितले.

“म्हनजे ती तिकडं हाये.”

“हो. तिकडे आहे.”

“पन हाये.”

“आहे.”

“मंग ठीक हाये,” ते म्हणाले, आणि बैलांना हाक दिली. गाडी निघाली. बाभूळ खरोखरच जवळ आली तेव्हा तिची एक फांदी रस्त्यावर खाली आलेली होती. सासऱ्यांनी मान वाकवली, आणि त्यांच्यामागे आम्हीही सगळ्यांनी वाकवली.